चौदा हंगाम आणि दीड ओळ

वाचकांचे नोकरी-धंद्याचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. मी वणी तालुक्यातला. वय ३९. २००७ साली बी.कॉम. झालो. तीन वर्षं एका कृषी केंद्रावर बिलं फाडली आणि २०१० च्या दिवाळीआधी एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात तिथे) अकाउंटला लागलो. चौदा हंगाम तिथेच काढले. २०२४ च्या उन्हाळ्यात मालकाने फॅक्टरी विकली. नवीन मालकाची माणसं त्याच्यासोबत आली, आम्ही घरी आलो. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून बायोडाटा टाइप करून घेतला, आतापर्यंत एक्केचाळीस ठिकाणी दिला. दोन फोन आले. एक विमा एजंट व्हायला बोलवत होता, दुसरा अठ्ठावीसशे रुपये रजिस्ट्रेशन मागत होता. मित्र म्हणतो, तुझ्या बायोडाटात काहीच नाही. मी म्हटलं, बाप्पा, माझ्या नोकरीतच काही नव्हतं तर बायोडाटात कुठून येईल? बायोडाटा सोबत जोडला आहे. नाव छापू नये.
— एक वाचक, ता. वणी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आधी ते अठ्ठावीसशे रुपये. दिले नाहीत ना? नोकरी देणारा माणूस पैसे देतो, मागत नाही. तो नंबर ब्लॉक करा आणि मग पुढचं वाचा.

तुमचा बायोडाटा दोन पानांचा आहे. वर मधोमध ‘बायोडाटा’, त्याला दोन्हीकडून वेलबुट्टी. खाली तुमचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म, जात, रक्तगट, उंची, वैवाहिक स्थिती, मुलं किती. मी मोजल्या, सतरा ओळी. मग दहावी-बारावीचे टक्के, बी.कॉम., एमएस-सीआयटी, मराठी टायपिंग ३०. मग छंद : वाचन आणि क्रिकेट. दुसऱ्या पानाच्या मध्यावर दीड ओळीत अनुभव येतो, तो असा : ‘जिनिंग-प्रेसिंगमध्ये १४ वर्षे अकाउंट व इतर कामाचा अनुभव.’ त्यानंतर ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ आणि सही.

या कागदावर मुलगी पाहायला जाता येईल. त्याच कामासाठी तो बनलेला आहे. आपल्याकडे लग्नाचा आणि नोकरीचा बायोडाटा एकाच दुकानात, एकाच फाइलवरून निघतो. झेरॉक्सवाला फक्त ‘मामेकुळ’ खोडतो आणि ‘शैक्षणिक पात्रता’ टाकतो. त्याचा दोष नाही. तुम्ही त्याला जे सांगितलं ते त्याने टाइप केलं. तुम्ही त्याला सांगितलं, ‘व इतर’.

त्या ‘व इतर’मध्ये काय आहे ते मला बघायचं होतं. पत्राखाली नंबर होता म्हणून मी फोन केला हे तुम्हाला आठवत असेलच, पण बाकीच्या वाचकांसाठी ते बोलणं थोडं इथे देते.

मी विचारलं, हंगामात सकाळी आल्याआल्या काय करायचे?
तुम्ही म्हणाले, ‘काही नाही ताई, काट्यावर जायचो.’
काट्यावर काय?
‘रात्रीच्या गाड्या लागलेल्या राहायच्या. ट्रॅक्टर, पिकअप, आधी आधी बैलबंड्या पण. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, पावती. कापसाची प्रत बघून ग्रेडर भाव बोलला की तो पावतीवर चढवायचा. मग चुकारा, म्हणजे शेतकऱ्याला मालाचे पैसे.’
किती गाड्या?
‘असे वीस-पंचवीस. दिवाळीनंतर आणि संक्रांतीच्या सुमारास साठ-सत्तर.’
चुकारा कोण करायचं?
‘मीच. दुसरं होतं कोण?’

दुसरं होतं कोण! हे वाक्य तुम्ही इतक्या सहज बोलून गेले, की मला फोन खाली ठेवून हसू आलं आणि मग थोडं वाईटही वाटलं. कारण हे दुखणं माझंही आहे.

मी वऱ्हाडातल्या एका सहकारी सूतगिरणीच्या आस्थापना विभागात सत्तावीस वर्षं होते. शेकडो अर्ज हाताखालून गेले. कोणाला बोलवायचं, कोणाला नाही, याची पहिली चाळणी माझ्याच टेबलावर व्हायची. गिरणी बंद पडली तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते आणि मला स्वतःचा अर्ज लिहायचा होता. अडीच तास बसून मी लिहिलं : ‘आस्थापना लिपिक, २७ वर्षे.’ लेक म्हणाली, ‘आई, म्हणजे तू नेमकं करायचीस काय?’ मी म्हटलं, ऑफिसचं काम. ती म्हणाली, ‘मग गिरणी बंद झाल्यावर दीड वर्ष तुला कशाला ठेवलं होतं?’ तेव्हा मला आठवलं, की सहाशेवर कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचे एकोणीस नंबरचे आणि पेन्शनचे फॉर्म मी भरून घेतले होते. कितीतरी जणांची नावं गिरणीत एक, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं होती. ती सगळी मी जुळवली होती. ते काम मला काम वाटलंच नव्हतं. रोज करतो ते माणसाला दिसत नाही. त्यात आपल्याकडे आणखी एक संस्कार असतो, केलेलं बोलून दाखवू नये. घरी तो बरा. अर्जात तो पोटावर येतो.

तर तुमचा अर्ज पुन्हा लिहू. मी तुम्हाला विचारलं, वर्षाला गाठी किती? तुम्ही म्हणाले, बारा हजारांच्या आसपास. मग हिशेब सोपा आहे. एक गाठ १७० किलोची. बारा हजार गाठी म्हणजे २०,४०० क्विंटल रुई. उतारा, म्हणजे कापसातून निघणारी रुई, ३४ टक्के धरला तर ६०,००० क्विंटल कापूस. एकेक शेतकरी सरासरी वीस क्विंटल आणतो असं तुम्हीच म्हणाले, म्हणजे हंगामाला तीन हजार चुकारे. वीस क्विंटलच्या चुकाऱ्यात शंभर रुपयांची चूक झाली तरी तो माणूस दुसऱ्या दिवशी दारात उभा असतो. चौदा हंगामांत असे किती उभे राहिले, विचारलं. तुम्ही म्हणाले, ‘आठ-दहा असतील. त्यात अर्धे त्यांचेच चुकले होते.’

आता सांगा, ‘अकाउंट व इतर’ म्हणजे हे का?

आणखी दोन गोष्टी तुम्ही बोलता बोलता सांगितल्या, त्या कागदावर यायलाच हव्यात. ८ नोव्हेंबर २०१६. नोटाबंदी झाली ती ऐन कापसाच्या दिवसांत. तोवर चुकारा रोखीने व्हायचा. फॅक्टरीसमोर गाड्या उभ्या, तिजोरीत बाद झालेल्या नोटा. तुम्ही गावोगावच्या ओळखीच्या पोरांना कामाला लावून शेतकऱ्यांच्या पासबुकांची झेरॉक्स गोळा केली आणि महिन्याभरात साडेनऊशे खाती यादीत चढवून बँकेतून चुकारे सुरू केले. दुसरी गोष्ट, जीएसटी. जुलै २०१७ मध्ये तो आला आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर कर भरायची जबाबदारी खरेदीदारावर आली. त्यालाच आरसीएम म्हणतात. त्या दिवसांत भल्याभल्या जिनांच्या हिशेबात गोंधळ झाले. तुम्ही यवतमाळच्या सीएकडे चार रविवार बसून ते शिकले आणि हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमध्ये त्याची वेगळी नोंद लावली. मालकाला एकदाही दंडाची नोटीस आली नाही. हे तुम्ही मला ‘तसं काही विशेष नाही’ म्हणत सांगितलं!

आता हे असं लिहा :

लेखापाल व कार्यालयप्रमुख, जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी, वणी. ऑक्टोबर २०१० ते मे २०२४.
हंगामाला सुमारे ६०,००० क्विंटल कापूस खरेदी आणि १२,००० गाठींचा संपूर्ण हिशेब : काटापावती, चुकारा, रुई-सरकीचा साठा, विक्री.
हंगामाला सुमारे ३,००० शेतकऱ्यांचे चुकारे. २०१६ च्या नोटाबंदीत रोख व्यवहार एका महिन्यात बँकेवर आणले, ९५० खाती जोडली.
२०१७ पासून जीएसटी विवरणपत्रे व कापसावरील आरसीएम, २०१८ पासून मालवाहतुकीचे ई-वे बिल. सात वर्षांत दंड वा नोटीस नाही.
दोन हंगाम भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीची आवारातील कागदपत्रे व ओलाव्याच्या नोंदी.
कापूस-रुई-सरकी-घट यांचा रोजचा ताळा. हाताखाली ३ जण.

बस. सहा-सात ओळी. पण या ओळी वाचून जिनिंगमधला, दालमिलमधला, गोदामातला माणूस खुर्चीत सरळ बसेल. सीसीआयची ओळ तुम्ही गाळू नका. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात आणि त्याच्यावर माल परत, या कटकटीत रोज शेतकऱ्याशी आणि केंद्रप्रमुखाशी दोन्हीकडे बोलणं निभावलेला माणूस कशालाही उभा राहतो. मात्र ‘सुमारे’ हा शब्द ठेवा. मुलाखतीत कोणी खोदलं तर १७० किलो आणि ३४ टक्क्यांवरून तुम्ही आकडा उभा करून दाखवू शकाल. जो आकडा तुम्हाला उभा करता येत नाही, तो लिहू नका. ‘खर्चात ३० टक्के बचत केली’ असलं काही झेरॉक्सवाल्याच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही.

पदाचं नाव हा नाजूक विषय. फॅक्टरीत सगळे तुम्हाला दिवाणजी म्हणायचे. मालकाच्या कागदावर तुम्ही ‘अकाउंटंट’. मित्र म्हणतो ‘फायनान्स मॅनेजर’ लिही. त्याचं ऐकू नका. मोठं नाव लावलं की समोरचा त्या नावाचे प्रश्न विचारतो, आणि जुन्या मालकाला फोन लावला तर तो म्हणेल, ‘कोण मॅनेजर? आमचा दिवाणजी होता तो.’ लेखापाल आणि कार्यालयप्रमुख हे दोन्ही खरं आहे. तेवढं पुरे.

सतरा ओळींचं काय करायचं? नाव, मोबाइल, ई-मेल, गाव-तालुका ठेवा, बाकी काढा. धर्म, जात, रक्तगट, उंची, बायको, मुलं यांतलं काहीही खासगी नोकरीच्या अर्जात लागत नाही. सरकारी भरतीत जातीचा रकाना असतो, तो त्यांच्या छापील अर्जात भरायचा. आधार आणि पॅनचे नंबर कधीच टाकू नका. तुम्ही टाकलेत, आणि हा कागद एक्केचाळीस ठिकाणी फिरतो आहे, याची मला खरी काळजी वाटते. दहावी-बारावीचे टक्केही नकोत. तुम्हाला पदवी घेऊन अठरा वर्षं झाली, आता बी.कॉम., २००७, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, ही एक ओळ, तीही अनुभवाच्या खाली. नव्या पोराकडे दाखवायला पदवीच असते म्हणून तो ती वर ठेवतो. तुमच्याकडे चौदा हंगाम आहेत. कृषी केंद्राची तीन वर्षंही एका ओळीत येऊ द्या. बियाणं-खतांच्या साठ्याच्या नोंदवह्या तुम्ही तिथे लिहिल्या असतीलच. छंद जाऊ द्या. शेवटची ती सत्यतेची शपथही जाऊ द्या. खोटं लिहिणाराही ती तशीच लिहितो.

ई-मेलबद्दल सांगताना मला जरा संकोच वाटतो, पण सांगते. तुमच्या पत्त्यात ‘किंग’ आहे आणि ‘००७’ आहे. ते तुम्ही कॉलेजात काढलं असेल. नवा काढा, साधा, नावाचा. फुकट आहे.

आता टायपिंगची भानगड. तुमची फाइल माझ्या मोबाइलवर उघडली तेव्हा मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांचा कालवा दिसला. माझ्या जुन्या संगणकावर कृतिदेव फॉन्ट आहे म्हणून ती मला वाचता आली. झेरॉक्सवाल्याने कृतिदेवमध्ये टाइप केलं आणि तशीच वर्डची फाइल दिली. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही, त्याला तो कालवाच दिसतो. आता एक्केचाळीसपैकी किती जणांनी तो कालवा पाहून फाइल बंद केली असेल, देव जाणे. तुम्ही मात्र वर्षभर स्वतःला दोष देत बसले. यापुढे मराठी मजकूर कोणत्याही मोबाइलवर दिसणाऱ्या युनिकोडमध्येच टाइप करायला सांगा आणि पाठवताना पीडीएफच पाठवा. पाठवण्याआधी स्वतःच्या नाही, दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवर उघडून बघा. फाइलला नाव ‘न्यू बायोडाटा फायनल २’ असं आहे, ते बदलून तुमचं नाव, लेखापाल, वणी असं ठेवा.

मराठीत की इंग्रजीत, हेही तुम्ही फोनवर विचारलं होतं. सहकारी संस्था, बाजार समिती, शेतकरी उत्पादक कंपनी, गावातला व्यापारी इथे मराठी. बुटीबोरीचा कारखाना, गडचांदूर-कोरपन्याकडच्या सिमेंट कंपन्यांची कंत्राटं, नागपूरचं कुठलंही ऑफिस, तिथे इंग्रजी. ते भाषांतर झेरॉक्सवाल्याकडून करून घेऊ नका. तो ‘चुकारा’चं काय करेल याची मला भीती वाटते. तुमच्या सीएला किंवा त्याच्या ऑफिसातल्या पोरीला अर्धा तास मागा. कामाचे शब्द त्यांना येतात. आणि इंग्रजी आलं म्हणून ‘हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर’ घालू नका. भाजीवाली ‘ताजी हाय, ताजी हाय’ ओरडते तसं ते आहे. गिऱ्हाईक भाजी मोडून बघतं.

मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या संकेतस्थळांवर अर्ज बऱ्याचदा आधी संगणक वाचतो. त्याला चौकटी, रकाने, वेलबुट्टी, फोटो यांतून नीट वाचता येत नाही. जाहिरातीत जे शब्द आहेत ते तुमच्या अर्जात आहेत का, एवढं तो शोधतो. जाहिरातीत ‘टॅली’ आणि ‘ई-वे बिल’ असेल आणि तुमच्यात फक्त ‘अकाउंट’ असेल, तर तुम्ही गेलेत. म्हणून साधं पान, एक रकाना, आणि खरं असेल तो त्यांचाच शब्द.

इथेच दुसरी गोष्ट येते. एकच कागद एक्केचाळीस ठिकाणी देऊ नका. अकोल्याच्या दालमिलला अर्ज करताना साठा आणि घटीचा ताळा वर घ्या. तूर आत गेली किती, डाळ निघाली किती, चुरी-टरफल किती, हा त्यांचा रोजचा प्रश्न आहे आणि तो तुमच्या कापूस-रुई-सरकीचा सख्खा भाऊ आहे. तुमच्या वणीतल्याच कोळशाच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे जाल तेव्हा काटा, वजनपावती आणि ई-वे बिल वर न्या, कापूस खाली. शेतकरी उत्पादक कंपनीकडे जाल तर तीन हजार शेतकऱ्यांचे चुकारे अगदी पहिल्या ओळीत. त्या कंपन्यांना हिशेब येणारा आणि शेतकऱ्याशी न भांडता बोलणारा असा माणूस एकत्र मिळत नाही. काम तेच, ओळींचा क्रम बदलायचा. पाच मिनिटं लागतात.

नोकरी का सुटली हे अर्जात एवढंच : ‘मे २०२४ मध्ये फॅक्टरीची विक्री झाली.’ मालकाबद्दल तुम्ही फोनवर जे बोललात ते मी ऐकून घेतलं, तुमचा राग खरा आहे, पण मुलाखतीत त्यातला एक शब्दही नको. पगार किती होता आणि किती हवा, तेही कागदावर नको. ते समोरासमोर.

अनुभवाचं पत्र मालक देत नाही म्हणालात. पुन्हा एकदा जाऊन मागा, यावेळी मजकूर टाइप करून न्या, त्यांना फक्त सही-शिक्का मारायचा राहू द्या. पुष्कळदा माणूस नकार देतो तो लिहायच्या कंटाळ्याने. तरी नाहीच दिलं, तर तुमचा पीएफ कापत होते ना? मग यूएएन नंबरवरून, म्हणजे पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकावरून, पासबुक काढा. त्यात मालकाचं नाव आणि महिन्यागणिक भरणा असतो. आणि ओळखीसाठी दोन माणसं ठेवा : तो सीए, आणि ज्या बँकेतून चुकारे व्हायचे तिथला अधिकारी किंवा तुमच्याकडून रुई घेणारा दलाल. आधी त्यांना विचारा, मग ‘मागितल्यास देऊ’ एवढंच लिहा, आणि विचारलं तर नंबर द्या. फोन आला आणि समोरचा ‘कोण? आठवत नाही बुवा’ म्हणाला तर सगळं मुसळ केरात.

एक जुनी आठवण सांगते आणि पुढच्या पत्राकडे वळते. आमच्या गिरणीत एकदा रिंगफ्रेमच्या, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांवर देखरेख करणाऱ्या, जॉबरची जागा निघाली होती. पन्नासेक अर्ज आले, आयटीआयचे, टाइप केलेले, फोटो चिकटवलेले. त्यात एक अर्ज शाळेच्या चौकटीच्या वहीतल्या पानावर, शाईने लिहिलेला. त्यात जेमतेम चार ओळी होत्या. तिसरी ओळ अशी : ‘फ्रेम चालू असताना आवाजावरून कोणतं बेअरिंग गेलं ते सांगतो.’ आमचे स्पिनिंग मास्तर तो कागद घेऊन उठले आणि म्हणाले, ‘याला उद्याच बोलवा.’ त्याने खरोखर सांगितलं. नंतर बावीस वर्षं तो आमच्याकडे होता. तुमची तशी ओळ कोणती, भाऊ? मला वाटतं, चुकाऱ्याची. ती सगळ्यांत वर घ्या.

प्रश्न : ताई, मी मेहकर तालुक्यातली, वय ३५, बी.ए. आहे. २०१६ ते २०२१ बचतगटांच्या कामात सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) होते. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि मी काम सोडलं. आता त्या नाहीत. एका संस्थेत तालुका समन्वयकाची जागा आहे. मानधनावरचं काम अनुभव धरतात का? आणि मधली वर्षं कशी लपवू?
— एक वाचक, जि. बुलढाणा

उत्तर : धरतात. मानधन हा पैशाचा प्रकार आहे, कामाचा नाही. ‘मानधन तत्त्वावर’ हे शब्द अर्जात लिहायचीही गरज नाही. विचारलं तर सांगा.

ताई, तुम्ही ‘सीआरपी म्हणून काम केले’ एवढंच लिहिलंय. किती गावं? किती गट नव्याने बांधले, किती मोडकळीला आलेले पुन्हा उभे केले? त्यांतल्या किती गटांचं बँक लिंकेज करून दिलं आणि एकूण कर्ज किती मिळालं? परतफेड कशी होती? हे सगळं तुमच्या जुन्या वहीत असणार, कारण बचतगटाच्या पाच नियमांत, पंचसूत्रीत, नियमित लेखे ठेवणं येतं आणि तुम्हीच बायकांना ते शिकवत होता. वही काढा. वही नसेल तर ग्रामसंघाच्या अध्यक्षबाईंकडे जा, ठरावांच्या रजिस्टरमध्ये सापडेल. समन्वयकाच्या जागेसाठी हेच लागतं, शिवाय एक प्रसंग : बँकेच्या साहेबांनी गटाचं खातं उघडायला चारदा परत पाठवलं असेल आणि तुम्ही पाचव्यांदा उघडून आणलं असेल, तसा. असा प्रसंग प्रत्येक सीआरपीकडे असतो.

मधली वर्षं लपवू नका. तारखा लपवल्या की वाचणाऱ्याची नजर तिथेच जाते. एक ओळ लिहा : ‘२०२१ ते २०२५ : घरातील ज्येष्ठ रुग्णाची पूर्णवेळ शुश्रूषा.’ त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि अर्ज वाचणारी बाई असेल तर तिला आणखी काही सांगावं लागणार नाही. पण तुमच्या पत्राच्या मागच्या पानावर, अगदी कोपऱ्यात, तुम्ही लिहिलंय की या काळात शेजारच्या चार गटांचे हिशेब तुम्हीच लिहून द्यायच्या, ‘असंच, फुकटात’. अहो, मग खंड कुठे आहे? त्या ओळीला जोडून तेही लिहा. आधी मला अख्खं पत्र वाचू द्यायचं आणि मग मागच्या पानावरून कोपऱ्यातून सांगायचं, ही आपल्या बायकांची जुनी खोड.

प्रश्न : मी एम.एस्सी., नऊ वर्षं संत्र्याच्या नर्सरीत आहे. मोबाइलच्या अ‍ॅपमधून रंगीत रेझ्युमे बनवला आहे. कसा वाटला?
— एक वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : रंग छान आहेत. पण तुम्ही कौशल्यांना तारे दिले आहेत : मराठी चार तारे, संगणक तीन तारे, कलम बांधणी पाच तारे. मराठीचा पाचवा तारा कोणी नेला? आणि कलमाच्या पाच ताऱ्यांवरून मला काय कळणार? जंबेरी खुंटावर की रंगपूर लाइमवर, हंगामाला किती कलमं बांधली, त्यांतली किती लागली, वाफ्यात मर रोग आला तेव्हा काय केलं, एवढं लिहा. डाव्या बाजूचा तो निळा पट्टा काढा, त्यात अर्धं पान वाया गेलंय. फोटोची गरज नाही, आणि ठेवायचाच असेल तर निदान गॉगल न घातलेला ठेवा.